ज्योत हलता कामा नये

माझ्या भाचीला अख्खी शाळा 'वकील' म्हणायची. सहावीतली पोर, दप्तरच तिच्यापेक्षा मोठं, पण तोंडाचा पट्टा असा की समोरच्यानं आपणहून गुन्हा कबूल करावा. तिची आई ती रांगत होती तेव्हाच गेली. माझा भाऊ बोटीवर नोकरीला, वर्षाकाठी एकदा उगवणार, म्हणून ही माझ्याकडे. मी त्याच शाळेत हस्तकला शिकवते. घरी मी आत्या, शाळेत बाई. भांडण दोन्हीकडे सारखंच, फक्त शाळेत ते 'अहो बाई'नं सुरू व्हायचं. मी एक बोलले की तिची दोन उत्तरं तयार. लोक म्हणायचे, अगदी तुमच्यावर गेलीय हो. मी नाक मुरडायचे, आणि घरी जाईपर्यंत मनातल्या मनात खूश असायचे.

त्या हिवाळ्यात शहरातल्या शाळांची बचतीची स्पर्धा लागली. जी शाळा वीज कमी जाळेल, कोळसा कमी जाळेल, कचरा कमी काढेल, तिच्या छपरावर सौरपट्ट्या फुकटात बसणार होत्या. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, त्यांना तर त्या पट्ट्या जागेपणी दिसायला लागल्या. विज्ञानाच्या सरांनी लगेच पोरांचं बचत पथक काढलं. हिरव्या पडद्याच्या चिंध्या दंडाला बांधून पाच पोरं शाळाभर फिरायला लागली. त्यांची प्रमुख कोण, हे सांगायला नकोच.

आता मी काही उधळी बाई नाही. दोऱ्याचं टोकसुद्धा डबीत ठेवणारी मी. पण कुठल्याही गोष्टीला काही ताळतंत्र? पहिल्याच आठवड्यात व्हरांड्यातले निम्मे दिवे गेले आणि मी संगीताच्या बाईंना धडकले. मग हात पुसायचे कागद गेले. मग पाठकोरे कागद सक्तीचे झाले, आणि माझ्या हजेरीच्या मागे कुणाचा तरी नापास झालेला गणिताचा पेपर निघाला. हेही मी सोसलं. पण एके दिवशी पथक आमच्या शिक्षकांच्या खोलीत शिरलं आणि चहाच्या विजेवरच्या किटलीसमोर उभं राहिलं.

"बाई, ही किटली दिवसातून किती वेळा उकळते?" वकिलानं विचारलं.

"माझं डोकं जितक्या वेळा उकळतं, तितक्या वेळा."

"मग दोन्ही बंद करायला हवीत," ती म्हणाली, आणि सगळी खोली खो खो हसली. विज्ञानाचे सर तर डोळे पुसत होते. पोरांनी किटली उचलली आणि वरात काढावी तशी ती मोठ्या बाईंच्या कपाटात नेऊन ठेवली. त्या दिवशी घरी मी तिच्याशी बोलले नाही. ती मात्र जेवताना चवीनं सांगत होती की किटलीमुळे आपण कसे दुसऱ्या नंबरवर आलो.

खरा घोळ झाला तो त्या मेणबत्तीनं.

आमची शाळा जुनी. दगडी भिंती, उंच खिडक्या, आणि लाकूड आखडून सगळीकडे फटी. थंडीत वारा असा शिरायचा की पहिल्या बाकावरच्या पोरांची नाकं लाल. तळघरात कोळशाची भट्टी. तिच्यावर पाणी तापायचं आणि पाइपांमधून वर्गावर्गात फिरायचं. सरांचं म्हणणं, आपण कोळसा जाळून बाहेरचं अंगण तापवतोय. त्यांनी एक मेणबत्ती पेटवली आणि खिडकीशी धरली. ज्योत आडवी झाली. "इथून आपली ऊब पळते," सर म्हणाले. "जिथे ज्योत हलेल, तिथे फट. फट बुजवायची. ज्योत हलता कामा नये." हे वाक्य त्यांनी मोठ्या अक्षरांत जिन्याजवळच्या फळ्यावर लिहिलं, आणि ते पुसायचं नाही असा हुकूम निघाला.

पोरांना काय, खेळच मिळाला. वकील मेणबत्ती धरून पुढे, मागे चौघं, एकाकडे खळीचं भांडं, बाकीच्यांच्या हातात संपलेल्या वह्यांच्या पट्ट्या. फट सापडली की चिकटव पट्टी. वर दुसरी. वर तिसरी. वर्गातल्या खिडक्यांवर निबंध, भूगोल, चुकलेली गणितं असं सगळं थरावर थर बसलं. कचराही संपला आणि फटही बुजली, एका दगडात दोन पक्षी, म्हणून मोठ्या बाईंनी प्रार्थनेनंतर टाळ्या वाजवायला लावल्या. आणि दार! दार जरा उघडं राहिलं की वकिलाचा आवाज यायचा, "बाई, दार!" रागात असली की शाळेतही विसरायची आणि भर व्हरांड्यात ओरडायची, "आत्या, दार!" मी मुद्दाम एखादं दार उघडं ठेवून पुढे जायचे, तिचा आवाज ऐकायला. मलाही दुसरा उद्योग नव्हता.

दारांखाली ठेवायला लोड हवे होते. ते काम साहजिकच माझ्या तासाला आलं. लहान झालेले, फाटलेले जुने गणवेश पोरांनी आणले. त्यांच्या लांब पिशव्या शिवायच्या, आत चिंध्या ठासायच्या. छान चाललं होतं ते काम, खोटं कशाला बोलू. सगळ्यांचे लोड लांबडे, आणि वकील मात्र जाडजूड चौकोनी काहीतरी शिवत बसली होती.

"हे काय गं? दार आहे का हत्तीचा पिंजरा?"

"बाई, हे आमचं गुपित आहे. स्पर्धा जिंकल्यावर सांगू."

"टाके तरी सरळ घाल."

"वाकडे टाके जास्त धरतात, तुम्हीच म्हणाला होतात." आणि प्रत्येक टाक्यावर दुहेरी गाठ मारत राहिली. ती नेहमीच दुहेरी गाठ मारायची. सुटायला नको म्हणून.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कोळसा एकदम कमी लागायला लागला. कमी म्हणजे निम्म्यावर आला. भट्टी पाहणारे आमचे शिपाईमामा सकाळी कोळसा घालायचे, तो दुपारपर्यंत नुसता धुमसत राहायचा, संपायचाच नाही. वर्ग जरा गारच असायचे, पण सगळे स्वेटर घालून बसायचे आणि पहिल्या नंबरच्या बातमीनं ऊब यायची. सरांना तर मामांना मिठी मारायचीच बाकी होती. मामा मात्र डोकं खाजवत होते.

"सर, आग नीट धरत नाही हो. आणि हल्ली निळी दिसते. निळी निळी, निखाऱ्यांवर नाचल्यासारखी."

"अहो मामा, निळी ज्योत म्हणजे स्वच्छ ज्वलन!" सर म्हणाले. "पुस्तकात आहे. पिवळी ज्योत वाईट, निळी चांगली."

मामा म्हणाले, असेल बुवा. मीही तिथेच उभी होते. मी म्हटलं, निदान शाळेत काहीतरी चांगलं जळतंय. सगळे हसले. मामांची मांजर तेवढी हसली नाही. वर्षानुवर्षं ती हिवाळाभर भट्टीच्या बाजूला पसरायची, हलवली तरी हलायची नाही. ती आता अंगणात, पायरीवर, दव गोठलेलं असायचं तिथे अंग आकसून बसायला लागली. मामा तिला आत नेऊन ठेवायचे, ती परत बाहेर. मामा म्हणायचे, म्हातारी झाली, अक्कल गेली तिची.

माझं डोकं दुखायला लागलं ते त्याच सुमारास. साधंसुधं नाही, कपाळात कुणी खिळा ठोकतंय असं. सकाळी शाळेत येईपर्यंत ठीक, आणि दुपारी कोपऱ्यातल्या खोलीत हस्तकलेचा तास संपेपर्यंत डोळ्यांसमोर काजवे. कोपऱ्यातली खोली भट्टीच्या बरोबर वर. फरशीतून पाइप तिथेच वर येत, त्यामुळे शाळेतली त्यातल्या त्यात उबदार खोली तीच, आणि बचत पथकाचं बिऱ्हाडही तीच. घरी गेलं, कपभर चहा घेतला, की डोकं उतरायचं. सुट्टीच्या दिवशी तर दुखायचंच नाही. मग काय, निदान सोपं होतं. चहा! किटली नेली आणि माझं डोकं गेलं. मी शिक्षकांच्या खोलीत रोज तेच रडगाणं लावलं. ज्याला त्याला ऐकवलं की माझ्या डोक्याचं पाप बचत पथकाच्या माथी आहे. इतकं ऐकवलं की पुढे पुढे मी कपाळाला हात लावला की सगळे एका सुरात म्हणायचे, "किटली!"

पोरंही बदलली होती. माझ्या तासाला आधी मासळीबाजार असायचा. आता टाचणी पडली तर ऐकू येईल. टाचण्या पडायच्याही. पोरांच्या हातातून सुया गळायच्या, आणि ती उचलायला वाकत नसत. एकाला जांभई आली की वर्गभर फिरायची. संगीताच्या बाई म्हणाल्या, "काय शिस्त लागलीय हो पोरांना या मोहिमेनं!" मलाही आधी बरंच वाटलं. मग एके दिवशी एक मुलगा बाकावरच झोपला, मी त्याचा कान धरला, आणि तो माझ्याकडे असा बघत राहिला की ही बाई कोण, हेच त्याला उमगेना. मी कान सोडला.

आणि वकील. ती शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि भिंतीला टेकून बसायची. जेवायला नको. एकदा ओकली. "काय झालं गं?" "काही नाही." माझ्या आयुष्यात या पोरीनं मला 'काही नाही' असं उत्तर दिलं नव्हतं, तिच्या 'काही नाही'लासुद्धा चार मुद्दे असायचे. रविवारी मात्र पुन्हा गाडी रुळावर. मी न्हाणीघरातला दिवा चालू ठेवला म्हणून अर्धा तास खटला चालवला, मला दोषी ठरवलं, आणि शिक्षा म्हणून माझ्या वाटचा लाडू स्वतः खाल्ला. मला हायसं वाटलं. सोमवारी संध्याकाळी ती परत भिंतीला टेकलेली.

मी तडक मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, हे पथक बंद करा, पोरं दमून चालली आहेत, माझी पोरगी आजारी पडेल. त्यांनी चष्मा काढला, पुसला.

"तुम्हाला किटली हवी आहे का?" त्या अगदी समजुतीनं म्हणाल्या. "घेऊन जा. पण एवढी स्पर्धा होऊ द्या. परवा परीक्षक येताहेत."

"मी किटलीबद्दल बोलत नाहीये!"

"पहिल्या दिवसापासून तुम्ही प्रत्येक गोष्टीला विरोध केलात. दिव्यांना केलात, कागदांना केलात. आता पोरांची दया आली होय?"

खरंच होतं ते. मी इतक्या वेळा ओरडले होते की माझ्या ओरडण्याला आता किंमतच उरली नव्हती. माझ्याकडे सांगण्यासारखं काय होतं? पोरं शांत बसतात ही तक्रार कुठली शिक्षिका करते? मी तणतणत बाहेर आले आणि दार धाडकन आपटलं. व्हरांड्याच्या टोकाला वकील उभी होती. दार आपटूनही ती काही बोलली नाही.

परीक्षक यायच्या आदल्या दिवशी मी ठरवलं, बस झालं. घरून थर्मासभर चहा आणला, शालीखाली लपवून. चोरून चहा प्यायचं माझं वय का ते? पण मी प्यायले. मधल्या सुट्टीत एक कप, तासाच्या आधी एक, आणि कोपऱ्यातल्या खोलीत तास चालू असताना फळ्याकडे तोंड करून तिसरा. चांगला कडक, जिभेला चटका बसेल असा. आणि तास संपेपर्यंत माझं डोकं फुटायची वेळ आली. फळा डोळ्यांसमोर वरखाली व्हायला लागला. मी टेबल धरून उभी राहिले. पोटात चहा होता, आणि डोकं तरीही दुखत होतं.

म्हणजे चहा नव्हे.

शाळा सुटली. पथक मागे थांबणार होतं; परीक्षकांसमोर जे करून दाखवायचं, त्याची शेवटची तालीम कोपऱ्यातल्या खोलीत होती. सगळी दारं लावून, खिडक्यांना शेवटची पट्टी मारून, मध्ये मेणबत्ती ठेवून पाचही पोरं गोल बसणार आणि ज्योत अजिबात हलत नाही हे दाखवणार. वकील पाइपाजवळ बसायची, कायम. तिथे ऊब लागते म्हणून. मी तिला म्हटलं, "लवकर आटप, आपण बरोबर जाऊ." ती म्हणाली, "हो." नुसतं हो.

मी थर्मास खांद्याला अडकवून अंगणात आले. थंडी अशी की श्वास गोठावा. पण दहा पावलं चालले असेन-नसेन, माझं डोकं हलकं व्हायला लागलं. कपाळातला खिळा कुणीतरी उपटून काढावा तसं. मी तिथेच थबकले. घरी गेल्यावर उतरायचं, सुट्टीत दुखायचं नाही, बाहेर आलं की मोकळं. मांजर पायरीवर बसून माझ्याकडे बघत होती. मला एकदम भीती वाटली, दिवसाढवळ्या, अंगणाच्या मधोमध. का, ते कळत नव्हतं. मी इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूला गेले, कारण मागच्या भिंतीला भट्टीचा उजेड कुठून तरी दिसतो हे मला आठवत होतं. तिथल्या झुडपांमागे जमिनीलगत एक लोखंडी जाळी होती, आणि हिवाळ्यात अंधारलं की तिच्यातून लालसर झाक यायची.

जाळी दिसेना. मी झुडपं बाजूला केली. जाळीच्या जागी चौकोनी, जाडजूड, जुन्या गणवेशांची उशी ठासून बसवली होती. कडांना खळ आणि कागदाच्या पट्ट्या. वाकडे टाके. प्रत्येक टाक्यावर दुहेरी गाठ.

हात लावून पाहिला. कापडाला आतून जरासुद्धा ऊब नव्हती, वारा नव्हता, काही नव्हतं. मेणबत्ती घेऊन फिरणाऱ्या पोरांना शाळेतला सगळ्यात मोठा वारा इथे सापडला होता. ज्योत इथे आडवीच झाली असणार. त्यांनी नियमानं केलं. मला भट्टीतलं काही कळत नाही, पण चूल फुंकायला फुंकणी लागते एवढं कुठल्याही बाईला कळतं. इथून हवा आत जात होती, आणि आता जात नव्हती, आणि आत कोळसा धुमसत होता, निळा निळा. त्याचा धूर की काय जे असेल ते जाणार कुठे? वर. पाइपांच्या भोकांतून वर. कोपऱ्यातल्या खोलीत.

मी ती उशी ओढली. निघेना. खळ वाळून दगड झाली होती. दोन्ही हातांनी, पाय भिंतीला लावून ओढली, नखं मोडली, तेव्हा कुठे ती सुटून माझ्या अंगावर आली. आणि मग मला सुचलं की मी इथे काय करतेय! मी धावले. "मामा! मामा!" म्हणून ओरडत पायऱ्या चढले, व्हरांडा ओलांडला, जिन्याजवळचा तो फळा ओलांडला, आणि कोपऱ्यातल्या खोलीचं दार ढकललं. खालचा लोड आडवा आला. मी खांदा घातला.

दार उघडलं.

पाच पोरं गोल बसली होती. मधोमध मेणबत्ती. ज्योत सरळ, उभी, चित्रात काढावी तशी. माझ्यामागून वारा आत शिरला आणि ती झपकन आडवी झाली. कुणी ओरडलं नाही. कुणी वळून पाहिलं नाही. मी दारात उभी राहिले, दार सताड उघडं, सगळी ऊब बाहेर चाललेली, आणि मी वाट बघत होते. खरं सांगते, क्षणभर मी वाट बघत होते. म्हण ना गं. 'आत्या, दार!' म्हण ना.

वकील पाइपाला टेकून बसली होती. डोळे अर्धे उघडे. गाल गुलाबी, ओठ लालचुटुक. इतकी टवटवीत ती कधीच दिसली नव्हती. मी हाक मारली, गदागदा हलवलं, तिची मान एका बाजूला कलली. खिडकी उघडायला गेले तर खिडकी कुठली, नुसत्या वह्या. मी खांद्यावरचा थर्मास काढला आणि काचेवर हाणला. एकदा, दोनदा. काच फुटली, चहा निबंधांवरून ओघळला, आणि बाहेरची हवा आत आली. तोवर मामा आले. आम्ही एकेकाला ओढत, फरफटत अंगणात नेलं. मी माझी शाल वकिलाभोवती गुंडाळली आणि तिच्या कानाशी बोलत राहिले, काय वाटेल ते बोलत राहिले, शिव्याही दिल्या. चौघं खोकायला लागली, एक रडायला लागला. ती काही बोलली नाही.

चौघं त्याच रात्री सावरली. त्यांच्या आया त्यांना घेऊन घरी गेल्या. वकील दवाखान्यात राहिली. डॉक्टर म्हणाले, ती सगळ्यात आधी खोलीत जायची आणि सगळ्यात शेवटी निघायची, आणि बसायचीही भोकाजवळ, त्यामुळे अर्धवट जळलेल्या कोळशाच्या वायूचं विष तिच्या अंगात बरेच दिवस मुरत होतं. जीव वाचला हे नशीब समजा. मी समजले. रोज समजत होते, तिच्या उशाशी बसून. एके दिवशी तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आत्या." मी रडले, नर्सच्या गळ्यात पडले, दवाखानाभर सांगत सुटले. वाटलं, सुटलो.

तिला घरी आणलं. स्पर्धेतून शाळेचं नाव निघालं, खिडक्यांवरचे कागद निघाले, जाळीवर मामांनी लाल रंग मारला. विज्ञानाचे सर एकदा घरी आले. टोपी हातात घेऊन दारातच उभे राहिले. "ती निळी ज्योत गॅसची असते ना बाई, ती स्वच्छ. कोळशाची मात्र…" माझ्या तोंडाशी इतकं काही आलं होतं. त्या माणसाला पुरून उरेल इतकं. तेवढ्यात ती आतून आली, हात जोडून म्हणाली, "बसा ना, सर." आणि खुर्ची पुढे केली. सर ढसाढसा रडले. ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली, चेहऱ्यावर काही नव्हतं.

तेव्हापासून ती अशीच आहे. सांगितलं ते करते. दूध दिलं की पिते. अभ्यासाला बसवलं की बसते, वही उघडी असते, पेन हातात असतं. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. किती, ते सांगत नाहीत. शेजारणी येतात आणि म्हणतात, अगदी गरीब गाय झालीय हो. गरीब गाय म्हणे! माझी वकील! तिला सुई-दोरा दिला तर टाके घालते, सरळ, एकसारखे, आणि शेवटी गाठ मारायची राहून जाते. दोरा ओढला की सगळं उसवतं.

परवा माझा भाऊ आला. तिच्यासाठी बाहुली घेऊन आला, तिच्या वयाला न शोभणारी. तिनं ती घेतली, नमस्कार केला, बापाला पाणी आणून दिलं. तो मला हळूच म्हणाला, "ताई, पत्रात तू काय काय लिहायचीस, भांडते, उलटून बोलते. किती गुणी आहे गं पोर!" मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडला. धो धो सोडला, कुणी येऊन बंद करेपर्यंत सोडून ठेवायचा म्हणून. तोच आला आणि त्यानं बंद केला.

हल्ली मी घरभर दिवे लावून ठेवते. माणूस नसलेल्या खोलीतही. किटली उकळू देते, पार आटेपर्यंत. पाठकोरे कागद तिच्यासमोर टराटरा फाडून टोपलीत टाकते. काल संध्याकाळी बाहेर वारा सुटला होता, हाडं गोठवणारा. मी पुढचं दार सताड उघडलं आणि तिच्यासमोर येऊन बसले. पडदे फडफडले. तिच्या वहीची पानं उलटली, केस तोंडावर आले. ती गारठून आकसली, पण उठली नाही.

"दार उघडं आहे गं," मी म्हटलं.

तिनं दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला बरं वाटावं म्हणून हसली.

"असू दे, आत्या."